खंडेनवमीला उचललेला पाना

तुम्ही केलंत हे. दुसऱ्या कोणावर ढकलू नका. दुष्काळावर नाही, चीनच्या लढाईवर नाही, गिऱ्हाइकावर तर मुळीच नाही. गिऱ्हाईक दारात उभं होतं. इंदूरहून येत होतं, हैदराबादहून येत होतं. खामगावच्या कापूसबाजारातला दलाल तर नारळ घेऊनच यायचा आणि म्हणायचा, उकंडराव, तुमची वावटळ गाडी पाहिजे, दुसरं काही दाखवू नका. गाडी तुम्ही मारलीत. तुमचं नाव कोणाला ठाऊक नाही, कारण तुम्हाला नावच नाही. तुम्हाला खुर्ची आहे, खुर्चीवर पांढरा टॉवेल आहे, आणि टॉवेलाला टेकलेली पाठ बदलत राहते. आधी तुम्ही टायर अडवले. मग ॲल्युमिनियमचा पत्रा अडवला. मग म्हणालात, मंजुरी नसलेल्या कारखान्याच्या नव्या गाडीला नंबरच मिळणार नाही. साऱ्या देशात गाड्या करायची मुभा बोटावर मोजण्याइतक्या कारखान्यांना, आणि त्यांच्या गाडीसाठी साखरपुड्याला नंबर लावावा तर गाडी बारशाला यायची, तीही दुसऱ्या पोराच्या. बोथ्याच्या घाटात ती दम खायला थांबायची, झाकण उघडून पाणी मागायची. लोकांनी तीच घ्यावी म्हणून तुम्ही ठरवलंत, की त्या घाटात तिच्या पुढं निघून जाणारी गाडी या मुलखात जन्मूच द्यायची नाही.

एवढं करून तुमचं समाधान झालं नाही. तुम्ही माणूस पाठवलात. तोही खंडेनवमीला.

*

कापसाच्या जीनमागच्या टिनाच्या शेडमध्ये उकंडरावांनी पहाटेच पाट मांडला होता. ऐरण धुतली होती. हातोडे, पाने, छिन्न्या, कानशी, पत्रा ठोकायची वाळूची पिशवीसुद्धा, सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध, नारळाशेजारी, वावटळीचे दोन कार्बोरेटर, पेट्रोलनं धुतलेले, लाल नाड्यानं एकत्र बांधलेले.

ही या घरची रीत. दुसरीकडे कुठं नव्हती. उकंडराव सोनाळ्याला होते तेव्हा शंकरपटाच्या छकड्या करायचे, बैलांच्या शर्यतीच्या, एका हातानं उचलाव्यात इतक्या हलक्या. नवमीला ते छकडीच्या चाकाची खीळ काढून देवापुढं ठेवायचे. खीळ नाही म्हणजे छकडी जागची हलत नाही. वर्षभर पळालात ना, एक दिवस उभे राहा, असं त्याचं सरळ म्हणणं. पुढं खामगावला आले, लष्कराच्या मोडीतली इंजिनं घेऊन गाड्या करू लागले, आणि खिळीच्या जागी कार्बोरेटर आले. इंजिनाचा श्वास आज देवाजवळ, उद्या परत. नाडा बांधायचा उकंडरावांनी आणि दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर सोडायचाही त्यांनीच. एका वर्षी ही रीत मोडली होती. जीनच्या मालकानं नवमीला मशीन दुरुस्त करायला लावलं आणि उकंडरावांच्या धाकट्या भावाचा, रामरावांचा, उजवा हात पट्ट्यात गेला. त्यानंतर या गोष्टीवर घरात वाद झाला नाही. होण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेडमध्ये एकच गाडी उभी होती. पूर्वी चार-चार असायच्या, आणि ठोकण्याचा आवाज पार गावातल्या फरशी भागापर्यंत जायचा. आता ठोकणारे अकोल्याला गेले, एक जण सायकलींची पंक्चर काढतो. उरलेली ही वावटळ बुटकी, लांब नाकाची, अंगावर रंगसुद्धा नाही, नुसता उजळलेला पत्रा. आतला सांगाडा सोनाळ्याच्या बाभळीचा. हिच्याच थोरल्या बहिणीनं मुंबईच्या धावपट्टीवरच्या शर्यतीत विलायती गाड्या मागं टाकल्या होत्या, तेव्हा एका सुटाबुटातल्या माणसानं गुडघे टेकून खाली डोकावून पाहिलं होतं. बाभूळ दिसल्यावर त्याला वाटलं, आपली कोणी चेष्टा करतंय.

उकंडरावांचे थोरले चिरंजीव भगवंतराव सकाळपासून त्या गाडीकडं पाठ करून बसले होते. समोर अर्जुनराव, चिखलीचे जावई. बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून दसरा सासुरवाडीला. येताना ते बातमी घेऊन आले होते आणि ती सांगून झाल्यावर पुन्हा सांगत होते.

"त्या मंजुरीवाल्या कारखान्याची एजन्सी तयार हाय, भगवंतराव. साऱ्या बुलढाणा जिल्ह्याची. इकडून भिंत पाडाची, काच लावाची, आत दोन खुर्च्या. लोकं येतीन, नंबर लावतीन, जातीन. ना ठोकनं, ना ठाकनं."

"आन् गाडी कवा येईन त्याईची?" गाडीखालून आवाज आला. शालिग्राम, धाकटा मुलगा. काम करायचं नाही तरी तो तिच्याखाली पडून होता.

"येईन तवा येईन. आपल्याले काय कराचं?"

"म्हंजे मी काचेमागं बसून लोकाईले सांगाचं, का काका, तुमी म्हतारे व्हा, मंग या."

"साळेबुवा," अर्जुनराव हसले, "तुमच्या गाडीले नंबर भेटत नाई. बिननंबरी गाडी म्हंजे बिनलग्नाचं पोट्टं. कितीबी देखनं असू द्या, लोकं इचारतेच."

"आमी तं बाप कोन हाय थे ओरडून सांगून राह्यलो, जवाईबापू! आयकाले कोनी नाई."

भगवंतरावांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. आज हसून चालणार नव्हतं. दिवाळीच्या आत शेडचं काहीतरी ठरवणं त्यांच्या गळ्यात होतं. मंजुरीचा अर्ज करून वर्षं गेली होती. पाहणीला माणूस येणार, तो दसऱ्यानंतर, असा निरोप होता. मंजुरी मिळाली तर शेड. नाही तर काच. मधलं काही नव्हतं. आणि खरं विचारलंत तर भगवंतरावांनी मनातून काच बसवूनही टाकली होती. थकले होते ते. टायरसाठी अर्ज, पत्र्यासाठी अर्ज, अर्जाचं काय झालं हे विचारायला अर्ज. माणूस हातोडा मारून थकत नाही, नमस्कार करून थकतो.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

*

उतरलेला माणूस पन्नाशीचा, चष्म्याचा, नीटनेटका. बोलणंही नीटनेटकं.

"उकंडराव आपण का? मी पाहणीसाठी आलोय. मंजुरीच्या अर्जाच्या संदर्भात."

"दसऱ्याच्या बादमंधी येनार होते न तुमी?" उकंडरावांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर अजून कुंकू ओलं होतं.

"कार्यक्रम बदलला. मला संध्याकाळी शेगावला आगगाडी धरायची आहे. ही का ती? वा. चालू करा, बघू."

शालिग्राम गाडीखालून बाहेर सरकला.

"आज नाई चालत," उकंडराव म्हणाले.

"बिघाड आहे?"

"बिघाड कायचा? खंडेनवमी हाय."

साहेबांनी पाटाकडं पाहिलं, मग कार्बोरेटरकडं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. ते समजूतदारपणे हसले. "हे पाहा, आमच्या ऑफिसातही आज टाइपरायटरला फुलं वाहतात. वाहतात, आणि मग टाइप करतात."

"म्हनूनच असे कागद निंगते," शालिग्राम पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"चहा घ्या म्हनलं."

"चहा घेईन. पण मला गाडी चालू स्थितीत पाहायची आहे. आज चालली नाही तर तसं लिहावं लागेल. चालू स्थितीत आढळली नाही, असं लिहिलं की विषय संपला. मग पुन्हा नवा अर्ज, आणि त्याला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही. माझं काही वैयक्तिक नाही यात."

कधीच नसतं. तुमच्या कोणाचंच काही वैयक्तिक नसतं. गळा दाबणारा हातसुद्धा म्हणतो, मी फक्त मनगटाचा हुकूम पाळतोय.

साहेब ओसरीवर जाऊन बसले. शेडचं दार आतून ओढून घेतलं गेलं, आणि घर आत उभं राहिलं.

*

उकंडरावांच्या पत्नी गोजरबाई पुरणाचा हात तसाच घेऊन आल्या होत्या. काही विचारलं नाही. सरळ गेल्या आणि पाटापुढं मांडी घालून बसल्या, पाठ देवाकडं, तोंड घराकडं. देवाकडं पाठ करून त्या जन्मात बसल्या नव्हत्या.

"माय, सरक," शालिग्राम म्हणाला.

"नाई."

"माय, आज नाई चालली तं कवाच नाई चालनार. समजते का तुले? तीन वर्सं झाले. तीन वर्सं मी याच दिसासाठी गाडीखाली झोपून राह्यलो."

"झोप अजून. पन याले हात लावाचा नाई. रामराव भाऊजी डाव्या हातानं जेवते थे दिसत नाई काय तुले? पंगतीत लोकं त्याईच्याकडे पाह्यते, आन् थे मान खाली घालून जेवते. थे म्या वाढलेलं हाय, तू नाई."

शालिग्रामनं भिंतीवर मूठ आपटली. तो थांबलेला पाहून अर्जुनराव पुढं आले.

"मामींचं बरोबर हाय," ते म्हणाले. आवाज एकदम कीर्तनातला. "धरमापुढं गाडी मोठी नाई. साहेबाले सांगा, बाप्पा, आमी परंपरेचे लोकं हाओ, तुमाले काय लिहाचं थे लिहा. देव दुसरं देईन."

गोजरबाईंनी मान वर केली. जावई. दसऱ्याचा पाहुणा. लेकीचं नशीब यांच्या हातात, म्हणून त्यांच्यापुढं त्या आजवर डोक्यावरचा पदर सरकू देत नव्हत्या.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "सकायी तुमीच म्हनले न, का पाट जरासा सरकवा, मले सायकलचा पंप पाह्यजे?"

"थे... हवा गेली होती चाकातली."

"हाव. तवा देव सरकत होता. आता जड झाला काय?"

भगवंतरावांची बायको कौशल्याबाई दाराशी उभी होती. ती पदराआड हसली आणि लगेच गप्प झाली, कारण नवरा अर्जुनरावांच्या बाजूचा. पण गोजरबाईंना आता हसू येत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते निराळंच. उचलू नका म्हणणारे दोन जण होते. एक त्या स्वतः, त्यांना भीती होती. दुसरा हा, त्याला काच पाहिजे होती. दोघांचं वाक्य एकच. आपण ज्या पाटापुढं बसलोय तो पाट हा माणूस भिंतीसारखा वापरतोय, आणि भिंतीच्या विटा आपण आहोत, हे त्यांना कळलं.

"कौशल्या, तू सांग," त्या म्हणाल्या.

सासूनं सुनेला सगळ्यांसमक्ष विचारायची ही पहिलीच वेळ. नवरा बाहेर साहेबांजवळ होता; कौशल्याबाईनं दाराकडं एकदा पाहिलं. "आत्याबाई, एजन्सी आली तं आमचं बरंच होईन. याईचं नाव पाटीवर लागन. पन शालिग्राम भाऊजी काय करतीन? थे त्या काचेमंधी सहा महिने नाई जगाचे. आन् थे गेले तं याईले कोन इचारते? याईले फकस्त हिशेब येते."

"कौशल्या!" दाराबाहेरून आवाज आला.

भगवंतराव होते. साहेबांना चहा द्यायला ते ओसरीवर गेले होते. हातात रिकामी बशी तशीच होती.

*

ओसरीवर काय झालं ते अगदी थोडं. साहेबांनी चहा घेतला, साखर थोडी कमी चालेल म्हणाले, आणि मग दाराच्या फटीतून दिसणाऱ्या चंदेरी नाकाकडं पाहत प्रेमानंच म्हणाले, "छान खेळणं केलंय हो तुमच्या वडिलांनी."

खेळणं.

गाडीचा डावा पुढचा मडगार्ड भगवंतरावांनी ठोकला होता. कोणाला आठवत नसेल. हिशेबाला बसण्याआधीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात उकंडरावांनी मडगार्ड चार वेळा परत केला होता. काहीच बोलायचे नाहीत, नुसती बोटं फिरवायचे आणि पत्रा पुन्हा वाळूच्या पिशवीवर ठेवायचे. पाचव्यांदा बोटं फिरवून ते पाणी प्यायला निघून गेले. ती शाबासकी होती. भगवंतराव त्या रात्री हाताला हळद लावून झोपले आणि आयुष्यात इतके गाढ पुन्हा झोपले नाहीत.

शेड बंद पडू दे, असं म्हणायचा हक्क त्यांना होता. त्यांनी ठोकलं होतं म्हणून होता. या माणसाला कुठून आला?

बशी घेऊन ते आत आले, बायकोचं बोलणं ऐकलं, तिच्यावर ओरडले, आणि त्याच दमात म्हणाले, "माय, ऊठ. मी उचलतो."

शालिग्राम वळून पाहतच राहिला. "दादा?"

"तू नाई. तुले चालवाची हाय, तुह्ये हात शाबूत पाह्यजे. मी हिशेबनीसच हाओ, कौशल्या म्हन्ते थे बरोबर हाय. हिशेब एका हातानंबी लिहिता येते."

"भगवंतराव, पागल झाले काय?" अर्जुनराव कीर्तन विसरले. "एजन्सीवाल्याईले मी शबद देल्ला हाय! आज तुमाले मंजुरी भेटली तं माह्या तोंडावर थुकतीन थे!"

"तं पुसून घ्या," भगवंतराव म्हणाले.

"बाजूले व्हा सारे."

उकंडराव इतका वेळ गाडीच्या पलीकडं उभे होते. घरातलं भांडण ते कधी मधे पडून सोडवत नसत. कापूस पिंजल्यासारखं होऊ द्यायचं, सरकी आपोआप खाली पडते, असं म्हणायचे. आता ते पाटापुढं आले. गोजरबाईंच्या समोर उभे राहिले.

"नाडा म्या बांधला," ते म्हणाले. "सोडाचा तं मीच. पोराईच्या हातानं नाई."

"अन् काही झालं तं?" गोजरबाईंनी विचारलं.

"झालं तं मले होईन. म्हतारं हाड हाय."

"असं नोका बोलू आजच्या दिवशी."

"मंग ऊठ. तुह्यावरून ओलांडून नाई जाता येत मले."

गोजरबाई उठल्या. एवढंच केलं त्यांनी. पण मांडलेल्या पूजेतून उठणं काय असतं हे तुम्हाला सांगून कळणार नाही. घरच्या बाईनं उठणं म्हणजे घरानं उठणं. उठताना त्यांचा पाय कुंकवाच्या वाटीला लागला, वाटी सांडली, आणि त्या मटकन खाली बसून ते कुंकू पदरात भरत राहिल्या, मातीसकट.

उकंडरावांनी नाडा सोडला. तोडला नाही, गाठ सोडली, सावकाश. पाना उचलला. पान्यावरचं झेंडूचं फूल देवापुढं परत ठेवलं. मग ते गाडीवर वाकले, आणि शेडमध्ये बराच वेळ नुसता पान्याचा किरकिर आवाज होता. कौशल्याबाई डोळे मिटून उभी होती. भगवंतराव बापाच्या बोटांवरून नजर हलवत नव्हते, जणू नजरेनंच ती धरून ठेवायची होती.

हँडलच्या पहिल्या फिरकीला वावटळ सुरू झाली.

*

चिखलीच्या रस्त्याला लागेपर्यंत साहेब दोन्ही हातांनी दार धरून होते. चढ आला तसा शालिग्रामनं पाय खाली दाबला. एस.टी. मागं पडली, मग एक ट्रक. कडेच्या लिंबाच्या सावल्या गाडीच्या नाकावरून भराभर सरकू लागल्या. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि मग हसायला लागले. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे.

"अजून आहे?" त्यांनी ओरडून विचारलं.

"हाय की!"

"मग होऊ द्या!"

शालिग्रामनं होऊ दिलं. त्याला वाटलं, जिंकलो. त्याला माय आठवली, तिचा कुंकवाचा पदर आठवला, आणि वाटलं, माय, पाह्य, तुह्यं उठनं वाया नाई गेलं. चढ संपला तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली तुरीची, कपाशीची शेतं पसरली होती. इंजिन शांतपणे चालू होतं, धाप नाही, पाणी मागणं नाही.

"नागपूरला सगळे म्हणायचे," साहेब केस सारखे करत म्हणाले, "की खामगावला पाहणीला गेलास तर एकदा बसून घे हिच्यात. खरं होतं. फार सुंदर गाडी आहे. फार."

"मंग लिहा तसं, साहेब."

साहेबांनी चष्मा घातला. चष्मा घातल्यावर चेहरा पुन्हा ऑफिसातला झाला.

"लिहीन. उत्तम लिहीन. पण तुम्ही तरुण आहात, म्हणून सांगतो, आशेवर राहू नका. नव्या कोणालाही मंजुरी द्यायची नाही हे श्रावणातच ठरलंय. तुमचा अर्जही तेव्हाच नामंजूर झालाय. फक्त पाहणीचा अहवाल जोडल्याशिवाय फाईल बंद होत नाही, म्हणून मला यावं लागलं."

शालिग्रामला आधी शब्द कळले, अर्थ नाही. "म्हंजे गाडी आज चालली नसती तं?"

"तरी तेच."

"आन् चालली तरी तेच."

"तेच." साहेब थोडे खजील झाले. "खरं तर मी हे सांगायला नको होतं."

शालिग्रामनं गाडी वळवली. उतारावर त्यानं एकदाही वेग घेतला नाही. मागं टाकलेला ट्रक पुढून आला, ड्रायव्हरनं ओळखून हात केला, त्यालाही त्यानं हात केला नाही. एकदा त्याच्या मनात आलं की या माणसाला इथंच उतरवावं, चालत जाऊ द्यावं शेगावपर्यंत. पण मग तो विचार करू लागला की बाबांना हे सांगायचं कोणी. आणि खामगाव येईस्तोवर त्याला कळलं होतं की आपण सांगायचंच नाही. याच्याच तोंडून निघालं पाहिजे.

*

शेडपुढं सगळे उभे होते. गोजरबाईंनी ताटात दिवा घेतला होता. गाडीला ओवाळायचा की हात जोडून माफी मागायची, त्यांचं ठरत नव्हतं. अर्जुनराव एकटे खाटेवर, पंप पायाशी. शालिग्राम उतरला, साहेबांच्या बाजूचं दार उघडलं.

"सांगा," तो म्हणाला.

"काय सांगा?"

"चढावर मले सांगतलं थे. सारं. श्रावनापासून."

साहेबांनी भगवंतरावांकडं पाहिलं, शिकलेला वाटला म्हणून. भगवंतरावांनी नजर दिली नाही. मग त्यांनी सांगितलं. आता शब्द जास्त गुळगुळीत होते, धोरण, राष्ट्रीय, नियोजन, पण त्यातून जे निघालं ते लहान पोराला कळेल इतकं साधं होतं. गोजरबाईंनी ताट खाली ठेवलं.

"अन् तरीबी लिहून देतो म्हनत होते का गाडी चालली नाई तं इषय संपला?" कौशल्याबाई बोलली. परक्या पुरुषासमोर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. "संपलेलाच होता तं संपवाची धमकी कायची देल्ली?"

"बाई, ती एक पद्धत असते..."

"जाऊ द्या, साहेबाले उशीर होते," अर्जुनराव उठले. "शेगावची गाडी चुकन. भगवंतराव, आता तं एजन्सीचं..."

"खाली बसा," भगवंतराव म्हणाले. आणि अर्जुनराव बसले.

साहेब जीपमध्ये चढले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा उकंडराव चालत जीपच्या पुढं आले आणि नाकासमोर उभे राहिले. बोटांना अजून कार्बोरेटरचं काळं होतं, ते त्यांनी धुतलं नव्हतं. डाव्या बाजूला भगवंतराव येऊन उभे राहिले, उजव्या बाजूला शालिग्राम. कोणी बोलावलं नव्हतं. मागं गोजरबाई.

"बंद करा," उकंडराव ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. जीप बंद झाली.

"उकंडराव, तुमची भावना मी समजू शकतो..."

"भावना नाई इचारून राह्यलो. मंजुरी नाई देल्ली, थे बी नाई इचारत. थे तुमचं सरकार जाने. माह्या धंद्याचं काय, पोराईचं काय, काही नाई इचारत. मले एकच इचाराचं हाय."

"विचारा ना."

"तुमी सकायी आले, तवा तुमाले सारं ठाऊक होतं. पाट पाह्यला तुमी. नाडा पाह्यला. मी सांगतलं, आज खंडेनवमी हाय, आज नाई. तुमाले समजलं, तुमी हासले. गाडी चालो का न चालो, तुमच्या कागदावर फरक पडनार नोता. माह्या बायकोनं मांडलेली पूजा सोडली, म्या माह्या हातानं गाठ सोडली, अन् तुमी ओसरीवर चहा पेत होते. सारं ठाऊक असून पेत होते."

साहेबांनी चष्मा काढला. पुन्हा घातला.

"वर इचारून कळवतो असं नोका सांगू. कागद नोका पाठवू मले. ह्या जागी, तोंडानं, माह्याकडे पाहून सांगा. मले थो नाडा कायले सोडाले लावला?"

साहेब ड्रायव्हरच्या मानेकडं पाहत राहिले.

"मी उभा हाओ, साहेब. बोला."